सर्व्हर आणि फंक्शन यांच्या सांध्यावर

आमची प्रणाली अर्ज स्वीकारणारी आहे. अर्जदार खाते उघडतो, अर्ज भरतो, कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती जोडतो, शुल्क भरतो आणि निकाल लागेपर्यंत अर्जाची स्थिती पाहत राहतो. या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र मायक्रोसर्व्हिस, म्हणजे एकच काम सांभाळणारी छोटी सेवा, होती आणि त्या सर्व क्लाउडमधील आभासी सर्व्हरवर, विनंत्या वाटून देणाऱ्या एका लोड बॅलन्सरच्या मागे, चालत होत्या. एरवी हे सर्व्हर जवळपास रिकामे बसत आणि मुदत संपण्याच्या सुमारास त्यांना उसंत मिळत नसे. या विषम भारावर उपाय म्हणून काही सेवा सर्व्हरवरच ठेवून काही सर्व्हरलेस फंक्शनवर, म्हणजे विनंती आली की क्लाउड कंपनी चालवते आणि वापरापुरतेच पैसे घेते अशा कोडच्या तुकड्यांवर, नेण्याचे आम्ही ठरवले; ते करताना जे समोर आले त्याचा हा वृत्तान्त आहे. आमची साधने ॲमेझॉनच्या क्लाउडमधली, म्हणजे ईसी-टू (आभासी सर्व्हर) आणि लॅम्डा (सर्व्हरलेस फंक्शन) ही होती, त्यामुळे पुढे येणारे मर्यादांचे आकडे तिथले आहेत.

भार वाढला की नवे सर्व्हर आपोआप उभे राहतील अशी व्यवस्था आधीपासून होती. परंतु नवा सर्व्हर उभा राहायचा म्हणजे मशीन सुरू व्हायचे, त्यावर ॲप्लिकेशन चालू व्हायचे, डेटाबेसशी जोडणी व्हायची आणि लोड बॅलन्सरच्या तपासणीत ते उत्तीर्ण व्हायचे. या सगळ्यात काही मिनिटे जातात आणि तोवर गर्दी जुन्याच सर्व्हरना सोसावी लागते. त्यातही खरी अडचण वेगळीच होती. कागदपत्रांची लघुचित्रे बनवणे, पाने वेगळी करणे, फाइल सुरक्षित आहे का ते तपासणे ही सीपीयू खाणारी कामे अर्ज सेवेच्याच मशीनवर चालत होती. अर्ज भरणाऱ्याचे पान अडकून पडे आणि त्याचे कारण दुसऱ्याच कुणाच्या तरी भल्यामोठ्या स्कॅनमध्ये असे. कागदपत्रांची सेवा वेगळ्या सर्व्हरवर हलवली असती तरी निम्मा प्रश्न सुटला असता, हे मान्य केले पाहिजे. मात्र ते सर्व्हर बहुतेक वर्षभर काहीही न करता चालू ठेवावे लागले असते.

कोणती सेवा कुठे ठेवायची हे ठरवण्यापूर्वी आम्ही प्रत्येकीचे मोजमाप घेतले. दिवसभरात विनंत्या कशा येतात, एका विनंतीला किती वेळ लागतो, त्यातला किती वेळ प्रत्यक्ष प्रक्रियेत आणि किती डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, मेमरी किती लागते, आणि दोन विनंत्यांच्या दरम्यान सेवा काही लक्षात ठेवते का, हे सर्व नोंदवले. यातल्या वाट पाहण्याच्या आकड्याकडे सुरुवातीला कुणी फारसे लक्ष दिले नव्हते, पण बहुतेक निर्णय त्याच्यावरच झाले. नेहमीच्या लॅम्डा फंक्शनची एक प्रत, म्हणजे चालू असलेला त्याचा एक स्वतंत्र अवतार, एका वेळी एकच विनंती हाताळते. सर्व्हरवर शंभर विनंत्या एकाच प्रोसेसमध्ये डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबून राहू शकतात आणि त्या थांबण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. फंक्शनच्या बाबतीत मात्र शंभर विनंत्या थांबल्या की शंभर प्रती थांबतात आणि प्रत्येकीच्या मेमरीचे मीटर चालूच राहते.

हिशेब मांडून पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. एखाद्या सेवेकडे सेकंदाला ५० विनंत्या सतत येत आहेत आणि प्रत्येकीला १०० मिलिसेकंद लागतात असे धरू. कोणत्याही क्षणी सरासरी ५ प्रती कामात असतील. प्रत्येकीला ५१२ एमबी मेमरी दिली, तर सतत अडीच जीबी अडकून राहते, म्हणजे दिवसाला २,१६,००० जीबी-सेकंद (एक जीबी मेमरी एक सेकंद वापरली की एक जीबी-सेकंद) होतात. लॅम्डाचा महिन्याचा मोफत वाटा ४,००,००० जीबी-सेकंदांचा आहे. तो दुसरा दिवस मावळण्यापूर्वीच संपतो, आणि दिवसाला ४३ लाखांहून अधिक होणाऱ्या विनंत्यांचे शुल्क त्याखेरीज द्यावे लागते. विनंतीचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जात असेल, तर एवढा भार दोन व्हीसीपीयूचा (आभासी प्रोसेसरचा) एक साधा सर्व्हरही पेलतो. कागदपत्रांच्या सेवेचा हिशेब याच्या अगदी उलट निघाला: काम आले की सीपीयू पूर्ण क्षमतेने चालतो, वाट पाहणे जवळपास शून्य, आणि बहुतेक तास कामच नसते.

एका सहकाऱ्याचा आग्रह सगळ्याच सेवा फंक्शनवर नेण्याचा होता, म्हणजे सर्व्हरची देखभाल कायमची संपेल. दुसऱ्याने त्यावर २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका संघाने प्रसिद्ध केलेल्या अनुभवाचा दाखला दिला. व्हिडिओच्या दर्जावर लक्ष ठेवणारी त्यांची प्रणाली सर्व्हरलेस तुकड्यांमधून काढून एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर तिचा पायाभूत खर्च ९० टक्क्यांनी उतरला होता. माझ्या मते तो दाखला दोन्ही बाजूंनी ताणला जातो. त्या प्रणालीत सतत वाहणारी प्रचंड माहिती एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात नेण्यावर खर्च होत होता. आमच्याकडची माहिती अधूनमधून येणारी आणि टप्पे मोजकेच होते. अखेरीस खाते, अर्ज आणि शोध या सेवा सर्व्हरवर राहिल्या, तर कागदपत्रांवरील प्रक्रिया, सूचना पाठवणे, शुल्क भरल्याची पोच स्वीकारणे आणि अर्जाची स्थिती दाखवणे ही कामे फंक्शनकडे गेली. अहवालांच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती. लॅम्डाचे फंक्शन जास्तीत जास्त १५ मिनिटे चालू शकते आणि आमचा मोठा अहवाल त्यात मावत नव्हता. त्याचे तुकडे पाडण्याची खटपट करण्यापेक्षा तो स्पॉट प्रकारच्या स्वस्त सर्व्हरवर नेला. असा सर्व्हर क्लाउड कंपनी दोन मिनिटांची पूर्वसूचना देऊन काढून घेऊ शकते, म्हणून कुठपर्यंत काम झाले ते अहवाल दर टप्प्याला नोंदवून ठेवतो.

कागदपत्रांची सेवा आम्ही सर्वप्रथम हलवली. पूर्वी फाइल ब्राउझरकडून आमच्या सर्व्हरकडे आणि तिथून एस-थ्री या फाइली ठेवण्याच्या सेवेतील साठ्यात जाई. आता अर्ज सेवा ब्राउझरला फक्त एक मुदतीची, स्वाक्षरी केलेली लिंक देते आणि ब्राउझर फाइल थेट साठ्यात ठेवतो. एवढ्या एका बदलाने सर्व्हरवरचा नेटवर्कचा मोठा ताण उतरला, आणि त्यात फंक्शनचा काहीच संबंध नव्हता. फाइल साठ्यात पडली की साठा एसक्यूएस या संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या सेवेच्या रांगेत सूचना टाकतो, रांगेतून फंक्शन ती उचलते, फाइल वाचते, लघुचित्रे दुसऱ्या साठ्यात लिहिते आणि निकालाचा संदेश दुसऱ्या रांगेत टाकते. दुसरा साठा मुद्दाम वेगळा ठेवला आहे. लघुचित्रे त्याच साठ्यात लिहिली असती, तर प्रत्येक लघुचित्राचीही सूचना निघून फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिले असते. साठ्याकडून येणाऱ्या सूचनेत फाइलचे नाव सांकेतिक रूपात येते, ही बारीक गोष्टही चाचणीतच कळली. नावात मोकळी जागा असेल तर तिथे अधिकचे चिन्ह दिसते आणि देवनागरी नाव टक्क्यांच्या चिन्हांच्या लांबलचक माळेत बदलते. ते उलगडून घेतले नाही, तर फाइल साठ्यात असूनही ‘सापडली नाही’ असे उत्तर मिळते. आम्ही पुढे अर्जदाराने दिलेले नाव डेटाबेसमध्ये ठेवले आणि साठ्यात फक्त क्रमांकाने फाइल ठेवण्यास सुरुवात केली.

साठ्याने फंक्शनला थेट बोलावण्याचीही सोय आहे. तरीही मध्ये रांग ठेवली, कारण गर्दी झाली तर काम हरवण्याऐवजी थांबून राहावे आणि पुन्हा प्रयत्न कधी व किती वेळा करायचा हे आमच्या हाती असावे. मात्र रांग घेतली की तिचे नियमही पाळावे लागतात. एसक्यूएसची साधी रांग प्रत्येक संदेश किमान एकदा पोहोचवण्याची हमी देते. तो एकदाच येईल असे ती म्हणत नाही. त्यामुळे फाइलचा क्रमांक आणि तिच्या मजकुराची खूण यांची जोडी आधी नोंदवली गेली आहे का ते पाहूनच फंक्शन कामाला लागते. फंक्शनने उचललेला संदेश काही काळ इतरांना दिसू नये म्हणून जो अवधी ठरवावा लागतो, तो फंक्शनच्या कमाल वेळेच्या किमान सहापट ठेवावा असे ॲमेझॉनचे मार्गदर्शन आहे. आम्ही तसे केले. नाहीतर पहिली प्रत काम करत असतानाच तोच संदेश दुसऱ्या प्रतीच्या हाती जाण्याचा धोका असतो. आणखी एक बाब बिघडलेल्या फाइलने दाखवून दिली. फंक्शन एका वेळी दहा संदेशांची गड्डी उचलत होते. त्यात एक पीडीएफ अर्धवट तुटलेली असली की फंक्शन चूक कळवून थांबे, आणि रांगेच्या दृष्टीने दहाही संदेश अयशस्वी ठरून परत येत. नऊ चांगल्या फाइलींवर पुन्हा प्रक्रिया होई आणि दहावी पुन्हा सर्वांना घेऊन बुडे. फंक्शनने गड्डीतले नेमके कोणते संदेश फसले तेवढेच कळवावे अशी सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. ती लावल्यावर तुटलेली फाइल एकटीच परत येऊ लागली आणि पाच प्रयत्नांनंतर बाजूच्या रांगेत जाऊन पडू लागली, जिथे माणूस ती पाहू शकतो.

मेमरीच्या बाबतीत लॅम्डाचा एक नियम समजून घ्यावा लागतो: फंक्शनला सीपीयू वेगळा मागता येत नाही, तो मेमरीच्या प्रमाणात मिळतो. १,७६९ एमबी मेमरीला एक पूर्ण व्हीसीपीयू मिळतो आणि कमाल मर्यादा १०,२४० एमबी आहे. कमी मेमरी म्हणजे कमी खर्च या समजुतीने लघुचित्रांना आधी तुटपुंजी मेमरी दिली होती. ती वाढवत नेली तेव्हा वेळ जवळपास त्याच प्रमाणात घटत गेला, बिल होते तसेच राहिले आणि अर्जदाराला चित्र मात्र लवकर दिसू लागले. एका व्हीसीपीयूच्या पुढे गेल्यावर हा लाभ थांबला, कारण आमचा चित्रांचा कोड एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालणारा, म्हणजे एका वेळी एकच प्रोसेसर वापरणारा, होता.

सर्वांत जास्त विचार डेटाबेसपाशी करावा लागला. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते आणि कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते. ती वाढवता येते, पण मेमरीची किंमत देऊन. सर्व्हरवरच्या सेवा आपापल्या कनेक्शनचा साठा बाळगतात आणि तो आलटूनपालटून वापरतात, त्यामुळे त्यांची एकूण गरज आधीच सांगता येते. फंक्शनच्या प्रत्येक प्रतीला मात्र स्वतःचे कनेक्शन लागते, आणि प्रतींची संख्या भारानुसार काही क्षणांत शेकड्यांत जाऊ शकते. म्हणजे फंक्शन ज्या लवचीकपणासाठी घ्यायचे, तोच लवचीकपणा डेटाबेसवर आदळतो, आणि तिथे सर्व्हरवरच्या निरोगी सेवांनाही कनेक्शन मिळेनासे होते. भारचाचणीत हेच दिसले. लघुचित्रांच्या गर्दीमुळे लॉगिन बंद पडत होते, आणि दोन्ही सेवा कागदावर एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र होत्या.

त्यावर आम्ही एक नियम केला की ज्या फंक्शनला काही वाचायचे नसून नुसते लिहायचे असते, त्याने डेटाबेसला हात लावायचा नाही. ते निकालाचा संदेश रांगेत टाकते आणि सर्व्हरवरची अर्ज सेवा आपल्या ठरावीक कनेक्शनमधून, आपल्या वेगाने, तो नोंदवते. ज्या फंक्शनला वाचावेच लागते, त्यांच्यासाठी एका छोट्या आभासी सर्व्हरच्या जोडीवर पीजीबाउन्सर बसवला, जो पुष्कळ कनेक्शन स्वतःकडे घेऊन मागे मोजकीच उघडतो. ॲमेझॉनची याच कामाची आयती प्रॉक्सी सेवा २०२० पासून आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी तीच पाहावी असे मी म्हणेन. आमच्याकडे पीजीबाउन्सर सांभाळण्याचा सराव होता, एवढेच त्या निवडीचे कारण. मध्यभागी सर्व्हर ठेवून फंक्शनला मर्यादा घालणे काही जणांना सर्व्हरलेसच्या कल्पनेला बाधा आणणारे वाटेल. मला त्यात वावगे वाटत नाही. डेटाबेस स्वतः ठरावीक आकाराचा आहे, त्यामुळे त्याच्या दाराशी ठरावीक आकाराचे काहीतरी असणे रास्तच आहे.

प्रतींच्या संख्येचा दुसराही एक पैलू आहे. एका खात्यात, एका प्रदेशात, सर्व फंक्शन मिळून एका वेळी १,००० प्रती ही मूळ मर्यादा असते आणि ती सामाईक असते. कागदपत्रांच्या लाटेने ती सगळी व्यापली, तर शुल्क भरल्याची पोच घेणाऱ्या फंक्शनला जागाच उरत नाही, आणि पोच नाकारली जाणे हे लघुचित्र उशिरा बनण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. म्हणून पोचेच्या फंक्शनसाठी काही प्रती राखून ठेवल्या. कागदपत्रांच्या फंक्शनला आवर घालण्यासाठी मात्र राखीव संख्येचा मार्ग घेतला नाही. तसे केले तर रांगेतून उचललेले संदेश जागेअभावी परत जातात, त्यांचे प्रयत्न मोजले जातात आणि काहीही दोष नसलेली फाइल बाजूच्या रांगेत जाऊन पडू शकते. २०२३ च्या सुरुवातीपासून रांगेच्या जोडणीवरच कमाल प्रतींची मर्यादा घालता येते. ती घातली की संदेश उचललेच जात नाहीत, रांगेत शांतपणे थांबतात. सेटिंगच्या पानावर या दोन मर्यादा सारख्याच भासतात, वागणुकीत मात्र पुष्कळ अंतर आहे.

नेटवर्कच्या मांडणीत फार वेळ गेला नाही, एक गोष्ट सोडून. सर्व्हर ज्या खाजगी नेटवर्कमध्ये आहेत त्यात फंक्शन जोडले, की त्याचा बाहेरच्या इंटरनेटशी थेट संबंध तुटतो. बाहेर जायला नॅट गेटवे लागतो आणि त्याचे तासाचे व माहितीचे असे दोन्ही शुल्क असते. सगळीच फंक्शन सवयीने खाजगी नेटवर्कमध्ये टाकण्याऐवजी आम्ही प्रत्येकाला आतल्या कोणत्या गोष्टीची गरज आहे ते विचारले. कागदपत्रांच्या फंक्शनला फक्त साठा आणि रांग लागते, म्हणून ते बाहेरच राहिले. डेटाबेस वाचणारे आत गेले. या निमित्ताने परवानग्यांचाही उलगडा झाला. सर्व्हरवर चालणाऱ्या सर्व प्रोसेसना त्या मशीनची एकच भूमिका, म्हणजे परवानग्यांचा संच, मिळते, त्यामुळे जुन्या मशीनवरचा कोणताही कोड सगळे साठे वाचू-लिहू शकत होता. फंक्शनला स्वतःची भूमिका असते. कागदपत्रांच्या फंक्शनला एका साठ्यातून वाचण्याची, दुसऱ्यात लिहिण्याची आणि दोन रांगांची, एवढीच परवानगी दिली आहे. अनोळखी माणसांनी पाठवलेल्या फाइली उघडणाऱ्या कोडसाठी हे बंधन मला वेगापेक्षाही मोलाचे वाटते.

शुल्काच्या पोचेचे फंक्शन लहान आहे: पोचेवरची स्वाक्षरी तपासायची, ती रांगेत टाकायची आणि लगेच होकार कळवायचा. इथे थंड सुरुवातीचा, म्हणजे नवी प्रत उभी राहताना लागणाऱ्या जादा वेळाचा, प्रश्न होता. प्रतीमागची सूक्ष्म आभासी मशीन वेगाने उभी राहते. त्यासाठी वापरलेले फायरक्रॅकर हे तंत्र २०१८ पासून मुक्तस्रोत आहे. आमचा वेळ जात होता तो आमच्याच कोडच्या अवजड लायब्ररी चढवण्यात. सर्व्हरवर त्या दिवसातून एकदा चढत, त्यामुळे त्यांचे वजन कधी जाणवले नव्हते. स्वाक्षरी तपासायला न लागणाऱ्या लायब्ररी काढून टाकल्यावर प्रती आधीपासून तयार ठेवण्याच्या सशुल्क सोयीची गरज उरली नाही.

त्याच फंक्शनमध्ये एक विचित्र प्रकार दिसला, तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. एका पोचेची नोंद लॉगमध्ये सापडत नव्हती, आणि काही वेळाने, दुसरी पोच आल्यावर, ती आपोआप प्रकटली. तिच्यावरची वेळ मात्र पहिलीच होती. आमची लॉगची लायब्ररी ओळी साठवून त्या मागच्या बाजूने थोड्या थोड्या वेळाने केंद्राकडे पाठवणारी होती. सर्व्हरवर प्रोसेस सतत जिवंत असते, त्यामुळे हे मागचे काम कधी ना कधी पूर्ण होते. फंक्शनने उत्तर दिले की त्याची प्रत जागच्या जागी गोठवली जाते. मागे राहिलेले काम तिथेच थांबते आणि पुढची विनंती येऊन प्रत पुन्हा जागी झाली तरच ते पुढे सरकते. पुढची विनंती आलीच नाही आणि प्रत मोडीत काढली गेली, तर त्या ओळी कायमच्या गेल्या. गोठण्याचा परिणाम उघड्या कनेक्शनवरही होतो: समोरच्या बाजूने ते केव्हाच बंद केलेले असते आणि जागी झालेली प्रत ते जिवंत समजून वापरायला जाते. आता फंक्शनमध्ये लॉगच्या ओळी थेट प्रमाणित आउटपुटवर लिहिल्या जातात, आणि उत्तरानंतर चालणारे कोणतेही काम कोड-परीक्षणात परत पाठवले जाते.

नवी आवृत्ती चढवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदू लागल्या, तेव्हा त्यांच्या वेगातला फरक जाणवला. दोन्हींची व्याख्या टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडची मांडणी कोडच्या रूपात लिहिण्याच्या साधनात, एकाच कोडसाठ्यात आहे. पण फंक्शनची आवृत्ती एका टोपणनावामागे बदलता येते, सुरुवातीला दहा टक्केच विनंत्या तिच्याकडे वळवता येतात आणि काही बिनसले तर क्षणात मागे फिरता येते. सर्व्हरचा गट बदलायचा तर एकेक सर्व्हर लोड बॅलन्सरमधून सावकाश मोकळा करावा लागतो, ज्याचा मूळ अवधी ३०० सेकंदांचा असतो, आणि मागे फिरायलाही तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे नवे फंक्शन आणि जुना सर्व्हर, किंवा उलट, अशी मिश्र अवस्था काही काळ असणारच हे गृहीत धरावे लागले. त्यात रांगेतले संदेश चार दिवसांपर्यंत टिकतात, म्हणजे नवा सर्व्हर परवाच्या फंक्शनचा संदेशही वाचू शकतो. म्हणून संदेशात नवे घटक फक्त भर म्हणून येतात, जुना घटक काढायचा तर आधी वाचणारा बदलतो आणि मगच लिहिणारा, आणि प्रत्येक संदेशावर त्याच्या रचनेचा क्रमांक असतो. ही शिस्त सगळेच सर्व्हरवर असतानाही हवीच होती, पण तेव्हा ती नसली तरी निभावून जात होते.

देखरेखीतही बदल करावा लागला. पूर्वी आमचे सगळे इशारे सीपीयूवर बेतलेले होते, आणि फंक्शनच्या जगात पाहायला सीपीयूच नसतो. आता मुख्य इशारा रांगेतल्या सर्वांत जुन्या संदेशाच्या वयावर आहे. रांगेत किती संदेश आहेत यावरून फारसे कळत नाही, कारण दहा हजार संदेश दोन मिनिटांत संपत असतील तर काळजीचे कारण नाही, आणि दहाच संदेश तासभर अडले असतील तर ते नक्कीच आहे. एका अर्जाचा प्रवास सर्व्हरपासून रांगेत, रांगेतून फंक्शनमध्ये आणि परत सर्व्हरकडे असा दिसावा म्हणून पहिल्याच विनंतीला एक माग-क्रमांक दिला जातो आणि तो प्रत्येक संदेशासोबत पुढे नेला जातो. एचटीटीपीच्या बाबतीत साधने हे आपोआप करतात. रांगेपाशी मात्र तो मुद्दाम संदेशाच्या गुणधर्मात घालावा लागला, नाहीतर प्रत्येक रांगेपाशी माग तुटत होता. जाता जाता एवढेच, की फंक्शनचे लॉग मुदत ठरवून दिली नाही तर कायमचे साठून राहतात आणि त्यांचे बिल येत राहते.

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत या मांडणीची परीक्षा झाली. अर्ज सेवेचे सर्व्हर आम्ही वाढत्या भाराची वाट न पाहता वेळापत्रकाने आधीच वाढवून ठेवले होते, कारण ती गर्दी कोणत्या दिवशी येणार हे सर्वांनाच ठाऊक असते. कागदपत्रांची रांग वाढली, फंक्शन घालून दिलेल्या मर्यादेपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. लघुचित्रे उशिरा दिसत होती, पण अर्ज स्वीकारले जात होते आणि लॉगिनला धक्का लागला नाही. कमी पडली ती बाहेरची एक संदेशसेवा, जिच्यामार्फत आम्ही मोबाइलवर सूचना पाठवतो. आमच्या फंक्शनचा वेग तिला झेपेना आणि ती विनंत्या नाकारू लागली. सूचनांच्या रांगेलाही कमाल प्रतींची मर्यादा हवी होती हे त्या संध्याकाळी ठरले, आणि ती लावायला एका ओळीचा बदल पुरला.

अर्जाची स्थिती दाखवणारी सेवा मात्र पुढे फंक्शनवरून परत सर्व्हरवर आणली. ती हलवली तेव्हा लोक स्थिती क्वचित पाहत. नंतर मोबाइल ॲप आले आणि ते दर थोड्या वेळाने स्वतःच स्थिती विचारू लागले, त्यामुळे तुरळक भाराचा सतत भार झाला आणि वर मांडलेला हिशेबच उलटला. परत आणणे सोपे गेले, कारण सेवेचा गाभा आणि त्याला बोलावणारा पातळ थर आम्ही पहिल्यापासून वेगळे ठेवले होते. फंक्शनसाठी एक थर, सर्व्हरसाठी दुसरा, आणि आतला कोड तोच. लोड बॅलन्सरच्या मागे एका वाटेवर सर्व्हरचा गट आणि फंक्शन या दोन्हींना वजन देऊन ठेवता येते, त्यामुळे विनंत्या हळूहळू सर्व्हरकडे वळवल्या आणि पीजीबाउन्सरवरचा ताण उतरत गेलेला आलेखात दिसला. अशा वाटेवरून फंक्शनकडे जाणारी विनंती वा उत्तर १ एमबीपेक्षा मोठे असून चालत नाही, पण स्थितीच्या चार ओळींना ती अडचण नव्हती. ते फंक्शन आम्ही अजून काढून टाकलेले नाही, कारण सर्व्हरचा गट अडचणीत आला तर वजन फिरवून काही काळ भार त्याच्यावर टाकता येईल. मात्र त्यासाठी ते प्रत्येक आवृत्तीबरोबर अद्ययावत ठेवावे लागते, त्याची चाचणी करावी लागते, आणि एवढी मेहनत त्या सोयीसाठी घ्यावी का, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.